विज्ञानकथा विद्यापीठात कोणत्या दारातून शिरते?

अक्षांश (धागाकर्ता)

विज्ञानकथा हे साहित्य आहे की नाही, हा वाद मला या धाग्यावर उकरून काढायचा नाही. इंग्रजीपुरता तरी त्याचा निकाल केव्हाच लागलेला आहे. १९५८ साली अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात या विषयावर चर्चासत्र झाले, पुढच्याच वर्षी त्यातून ‘एक्स्ट्रापोलेशन’ हे नियतकालिक निघाले, १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘फाउंडेशन’ आणि १९७३ मध्ये अमेरिकेत ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ सुरू झाले. अर्धशतक टिकलेली संशोधन-नियतकालिके ज्या वाङ्मयप्रकाराच्या पदरी आहेत, त्याला अभ्यासाचा विषय मानावे का, असे विचारण्यात आता हशील नाही.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. कोणताही वाङ्मयप्रकार विद्यापीठात येतो तो कोणत्या तरी विभागाच्या दारातून, आणि मग त्या विभागाचे जे ठरलेले प्रश्न असतात तेच त्याला विचारले जातात. निरनिराळ्या भाषांत विज्ञानकथेला निरनिराळी दारे उघडली. तिच्याविषयी कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते कधीच कोणाला सुचले नाहीत, हे कथांच्या गुणवत्तेपेक्षा या दारांनीच अधिक ठरवले, असे माझे म्हणणे आहे.

इंग्रजीतले दार मासिकांचे होते. १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू झाले आणि त्याच्या पत्रव्यवहाराच्या सदरात वाचकांची नावे पूर्ण पत्त्यांसह छापली जाऊ लागली. त्या पत्त्यांवरून वाचकांनी एकमेकांना गाठले, मंडळे काढली, हौशी पत्रिका चालवल्या, आणि या प्रकाराची पहिली समीक्षा त्या पत्रिकांतच लिहिली गेली. प्राध्यापक मंडळी बरीच नंतर आली. इंग्रजीतली विज्ञानकथा-समीक्षा व्याख्येच्या आणि सीमारेषेच्या प्रश्नात इतकी का गुंतलेली असते, ‘हे आपल्यातले, ते परके’ असा हिशेब ती सतत का मांडत असते, याचे कारण मला या जन्मकथेत दिसते.

सोव्हिएत संघात चित्र वेगळे होते. तिथे विज्ञानकथा हा रशियन साहित्याच्या इतिहासाचा भाग धरला गेला, आणि अनातोली ब्रितिकोव यांचा सोव्हिएत वैज्ञानिक कादंबरीवरचा प्रबंधग्रंथ १९७० मध्ये थेट विज्ञान अकादमीच्या प्रकाशनसंस्थेने काढला. अमेरिकेत त्याच वर्षी या विषयाच्या संशोधकांची संघटना नुकती स्थापन होत होती. म्हणजे प्रतिष्ठेच्या बाबतीत रशियन विज्ञानकथा पुढे होती, असे म्हणता येईल. पण या प्रतिष्ठेची किंमतही होती. येवगेनी झाम्यातिन यांची १९२०-२१ मध्ये लिहिलेली ‘आम्ही’ ही कादंबरी १९२४ मध्ये इंग्रजी अनुवादातून बाहेर आली आणि मायदेशात छापली गेली ती १९८८ मध्ये. डिस्टोपियाची, म्हणजे भयाण भविष्यचित्रांची, आधुनिक परंपरा जिच्यापासून मोजतात, ती कादंबरीच तिच्या स्वतःच्या भाषेतल्या वाचकाला इतकी वर्षे उघडपणे मिळत नव्हती.

फ्रेंचमध्ये तिसराच प्रकार झाला. ज्यूल व्हर्न दीर्घकाळ मुलांच्या कपाटात होता. १९४९ मध्ये मिशेल ब्युतोर यांनी त्याच्यावर गंभीर निबंध लिहिला, पुढे रोलाँ बार्थ यांनी त्याच्या पाणबुडीचे चिकित्सक वाचन केले, आणि २०१२ मध्ये ‘प्लेयाद’ या अभिजातांच्या मालिकेत त्याला जागा मिळाली. या साऱ्या प्रवासात व्हर्न मिथककार म्हणून मोठा झाला, शैलीकार म्हणून मोठा झाला. विज्ञानकथाकार म्हणून मात्र त्याला कोणी आत घेतले नाही.

हेच मला जाचते. सुटी पुस्तके आत घेतली जातात आणि प्रकार उंबऱ्याबाहेर राहतो. ऑर्वेल आणि हक्सले जगभरच्या इंग्रजी विभागांत शिकवले जातात, पण ‘राजकीय कादंबरी’ म्हणून. ज्यांना आपापल्या भाषेतली परिस्थिती ठाऊक आहे त्यांनी लिहावे.

मृण्मयी

लेख आवडला. ‘दार’ हा मुद्दा मान्य करूनही मला वाटते, की खरी अडचण वाचनाच्या सवयीत आहे. विज्ञानकथाकार आणि समीक्षक सॅम्युएल डिलेनी यांनी हे एका साध्या वाक्यावरून दाखवले होते. ‘तिच्या जगाच्या ठिकऱ्या उडाल्या’ असे वाक्य वास्तववादी कादंबरीत आले, तर आपण ते मनाच्या अवस्थेचे वर्णन म्हणून वाचतो आणि पुढे जातो. तेच वाक्य विज्ञानकथेत आले, तर वाचकाला क्षणभर थांबावे लागते, कारण इथे खरोखरच एका ग्रहाच्या ठिकऱ्या उडालेल्या असू शकतात, आणि ती त्या ग्रहाची अखेरची रहिवासी असू शकते. दोन्ही शक्यता हातात धरून पुढचे वाक्य वाचायचे, आणि त्यातून त्या जगाचे नियम हळूहळू जुळवत न्यायचे, हे कौशल्य सरावाने येते. ज्याला हा सराव नाही, तो समीक्षक कितीही विद्वान असला तरी ‘पात्रे सपाट आहेत’ एवढेच म्हणून पुस्तक मिटतो.

पात्रांच्या सपाटपणाबद्दल तर मला स्पष्टच लिहायचे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीने व्यक्तीच्या अंतरंगाला केंद्रस्थान दिले आणि आपण ती फूटपट्टी सार्वत्रिक समजून बसलो. विज्ञानकथेत पुष्कळदा ‘पात्र’ असते ते ते जग. त्याची हवा, त्याची उत्पादनव्यवस्था, तिथल्या नात्यांचे कायदे यांत लेखकाची सारी शक्ती खर्च झालेली असते. महाकाव्याला कोणी विचारत नाही की नायकाचे बालपणीचे आघात कुठे आहेत.

विज्ञानकथेचे सिद्धान्तकार डार्को सुविन यांचे नाव धाग्यात यायला हवे होते, असे मात्र वाटले.

पैलतीर

मृण्मयी, महाकाव्याची बरोबरी जरा जास्तच झाली. शंभर विज्ञानकथा वाचाव्यात आणि त्यांतल्या नव्वद विसराव्यात, हा माझा अनुभव आहे. आणि हे केवळ बाहेरच्यांचे मत नव्हे. स्तानिस्वाव लेम या प्रकारातला पहिल्या रांगेतला लेखक. त्याने १९७० मध्ये ‘कल्पना आणि भविष्यविद्या’ या नावाचा जाडजूड पोलिश ग्रंथ लिहून समकालीन विज्ञानकथेची सालटी काढली. अमेरिकन लेखकांपैकी फिलिप के. डिक वगळता बाकीच्यांना त्याने जवळपास भोंदूंच्या रांगेत बसवले. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने त्याला दिलेले मानद सदस्यत्व १९७६ मध्ये काढून घेतले, ते काही उगाच नव्हे. विद्यापीठांनी उरलेल्या दहा कथा घेतल्या आणि नव्वद सोडल्या, तर त्यांनी आपले कामच केले.

अक्षांश

मृण्मयी, सुविन यांना मी मुद्दाम मागे ठेवले होते, कारण ते माझ्या मुद्द्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहेत. झाग्रेबचा हा माणूस १९६८ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात आला. रशियन समीक्षक श्क्लोव्स्कीचे अपरिचितीकरण (ओळखीची गोष्ट परकी करून दाखवणे) आणि जर्मन नाटककार ब्रेख्तचा दुरावा एकत्र करून त्याने विज्ञानकथेची व्याख्या केली : ज्ञानाधिष्ठित अपरिचितीकरणाचे साहित्य, ज्याच्या मुळाशी एक ‘नवतत्त्व’, म्हणजे आपल्या जगात नसलेली एखादी नवी गोष्ट, असते आणि बाकी सारे जग त्या नवतत्त्वाच्या तर्काने उलगडते. ‘नवतत्त्व’ ही संकल्पना त्याने जर्मन विचारवंत अर्न्स्ट ब्लॉख यांच्याकडून घेतली. म्हणजे मासिकांतून वाढलेल्या इंग्रजी विज्ञानकथेला विद्यापीठात मान मिळवून देणारा सिद्धान्त पूर्व आणि मध्य युरोपातल्या सामग्रीतून बांधला गेला. इंग्रजी विभागाला त्याच्या परिचयाची नाणी दाखवली, तेव्हा दार उघडले.

त्याचा परिणामही झाला. व्याख्या इतकी कडक होती की ‘फँटसी’ सरळ बाहेर फेकली गेली, आणि जादू व यंत्र एकाच कथेत सुखाने नांदतात अशा अनेक भाषांतल्या परंपरा तिच्या कक्षेतच आल्या नाहीत.

पैलतीर, नव्वद आणि दहाचा हिशेब कवितेलाही लागू होतो, आणि तरीही कोणी कविता हा प्रकार अभ्यासक्रमातून वगळा असे म्हणत नाही. लेमचे तर उलटे उदाहरण आहे. ‘फिलिप के. डिक : भोंदूंमधला द्रष्टा’ या आशयाचा त्याचा लेख १९७५ मध्ये आला तो ‘सायन्स फिक्शन स्टडीज’मध्येच. प्रकारावर इतके रागावता यावे, यासाठी आधी तो गांभीर्याने वाचावा लागतो.

जीर्णपर्ण

मी ग्रंथालयशास्त्रातला, म्हणून एक रुक्ष मुद्दा मांडतो. ज्याचा संग्रह नाही त्याचा अभ्यास होत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही मासिके लाकडाच्या स्वस्त लगद्याच्या कागदावर छापली जात. त्या कागदातले आम्ल त्यालाच खाते. पन्नास वर्षांत पान तपकिरी होते आणि घडीवर तुटते. विद्यापीठांची ग्रंथालये ती मासिके घेत नसत, बांधून ठेवणे तर दूरच. ती टिकली ती वाचकांच्या घरी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतला ईटन संग्रह आज या विषयातला जगातला एक प्रमुख संग्रह मानला जातो. त्याची सुरुवात १९६९ मध्ये एका डॉक्टरांच्या खासगी संग्रहातल्या सुमारे साडेसात हजार पुस्तकांनी झाली. जर्मनीत वेट्झलारला अद्भुतसाहित्याचे स्वतंत्र ग्रंथालय आहे. ज्या भाषांमध्ये असा वेडा संग्राहक झाला नाही, तिथे विज्ञानकथेचा इतिहास लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या तळटिपांवरून लिहितो, आणि एका ग्रंथातली चुकीची तारीख पुढच्या चार ग्रंथांत जाते.

म्हणून अक्षांश यांच्या दारांच्या यादीत ग्रंथालयाचे मागचे दारही धरावे.

शांभवी

चिनी साहित्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तिथे या प्रश्नाला फार स्पष्ट रूप आले.

१९०३ मध्ये लू शुन यांनी व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर केले, तेही जपानी अनुवादावरून. प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की कोरडे शास्त्र सामान्य वाचकाला झेपत नाही, कथेच्या वेषात दिले तर तो न थकता शिकतो, आणि चिनी जनतेला पुढे न्यायचे असेल तर सुरुवात विज्ञानकथेपासून करावी. आधुनिक चिनी साहित्याचा जनक ज्याला मानतात, त्याचे हे आरंभीचे काम आहे. पण या प्रशस्तीतच पुढची कोंडी दडलेली होती. विज्ञानकथेला किंमत मिळाली ती शिक्षणाचे साधन म्हणून. १९५० नंतर ती बालसाहित्य आणि विज्ञानप्रसार या दोन खात्यांत नोंदली गेली.

१९७८ मध्ये तुंग अन्-चंग यांची एक विज्ञानकथा ‘जनतेचे साहित्य’ या देशातल्या अग्रगण्य वाङ्मयीन मासिकात आली. त्यानंतर त्यांनी असे प्रतिपादन केले की कथेतले विज्ञान हे वाचकाला शिकवण्यासाठी नसते, लेखकाचा जीवनविषयक विचार मांडण्याचे ते माध्यम असते. यावरून जो वाद पेटला, तो तिथे ‘विज्ञानकथेचे आडनाव विज्ञान की साहित्य?’ या नावाने ओळखला जातो. शास्त्रज्ञांनी कथांतल्या वैज्ञानिक चुका काढल्या, लेखकांनी त्यांना वाङ्मयाची जाण नाही असे सुनावले, आणि १९८३ मध्ये ‘आध्यात्मिक प्रदूषणा’विरुद्धच्या राजकीय मोहिमेत विज्ञानकथाच सापडली. मासिके बंद पडली, लेखकांनी लिहिणे सोडले. छंग्दूचे एक मासिक कसेबसे तग धरून राहिले. पुढे त्याचेच ‘विज्ञानकथा-विश्व’ झाले आणि ल्यू त्सशिन यांच्यासारखे लेखक त्यातून वर आले.

विद्यापीठात हा विषय नेला वू यान यांनी. १९९१ मध्ये त्यांनी बीजिंग नॉर्मल विद्यापीठात विज्ञानकथेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि २००३ पासून पदव्युत्तर पातळीवर विद्यार्थी घेतले, तेही बालसाहित्याच्या अभ्यासाशी निगडित राहूनच. त्या काळी दुसरी जागाच नव्हती. इंग्रजी जगातल्या संशोधन-नियतकालिकाचा चिनी विज्ञानकथेवरचा विशेषांक २०१३ मध्ये निघाला, ल्यू यांना ह्यूगो हा विज्ञानकथेचा मानाचा पुरस्कार २०१५ मध्ये मिळाला. पुरस्कारामुळे अभ्यास सुरू झाला असे जे सर्रास म्हटले जाते, त्यात तथ्य नाही. अभ्यास आधीपासून चालू होता, पुरस्काराने त्याला खुर्च्या मिळाल्या.

उत्तरायण

शांभवी यांचा प्रतिसाद वाचताना मराठी आणि बंगाली सतत डोळ्यांसमोर येत होत्या. आडनावाचा हा वाद आपल्याकडे त्या शब्दांत झाला नाही इतकेच.

जगदीशचंद्र बोस यांची वादळाची बंगाली कथा १८९६ ची. केशतेलाची बाटली समुद्रात ओतल्याने चक्रीवादळ शमते, अशी तिची कल्पना आहे, आणि ती लिहिली गेली ती एका केशतेलाच्या कंपनीने ठेवलेल्या कथास्पर्धेसाठी. पृष्ठताणाचा सिद्धान्त आणि जाहिरात यांचा असा मनोहर संगम दुसरीकडे दिसणे कठीण. १९२१ मध्ये बोस यांनी ती वाढवून आपल्या संग्रहात घेतली. मराठीत जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती. दोन्हीकडे शास्त्रज्ञ लेखक आहे, स्पर्धा आहे, आणि साहित्याचा विभाग चित्रात नाही.

त्याचे फळ असे, की मराठी वाङ्मयेतिहासात विज्ञानकथा बहुतेकदा ‘विज्ञानसाहित्य’ या प्रकरणात, विज्ञानविषयक लेखांच्या शेजारी बसवलेली सापडते. विज्ञान अचूक आहे का, समाजात वैज्ञानिक दृष्टी रुजते का, हे प्रश्न तिथे आपोआप पुढे येतात. निवेदक कोण आहे, काळाची हाताळणी कशी आहे, भाषेवर पारिभाषिक शब्दांचा ताण कसा पेलला आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले याचा आनंद आहेच, पण संमेलनाचे अध्यक्षपद हा व्यक्तीचा सन्मान असतो. अभ्यासमंडळाच्या कामकाजात त्याने फरक पडतोच असे नाही.

सावलीचे झाड

संशोधक विद्यार्थी म्हणून दोन ओळी. मी प्रबंधाचा विषय ‘विज्ञानकथेतील काळ’ असा दिला होता. समितीने सुचवले की ‘उत्तर-आधुनिक कथनातील काळाचे विघटन’ असे शीर्षक करावे, पुस्तके तीच चालतील. शीर्षक बदलले, विषय मंजूर झाला. आता विज्ञानकथेच्या अंगाने काही लिहिले की ते शीर्षकाबाहेर जाते, अशी सूचना येते.

पैलतीर

हे वाईट आहे, यात शंका नाही. पण शीर्षक बदलून घेणारी समिती एका गोष्टीत बरोबर असू शकते. ज्या लेखनात खरेच काही आहे, ते प्रकाराच्या नावाशिवायही उभे राहते. स्वीडिश कवी हॅरी मार्टिनसन यांना १९७४ मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या ‘आनिआरा’ला विज्ञानकथेच्या शिक्क्याची गरज लागली का?

अक्षांश

पैलतीर, उदाहरण तुम्हीच दिलेत, तर त्यावरच बोलू.

‘आनिआरा’ हे १९५६ चे स्वीडिश काव्य, १०३ सर्गांचे. किरणोत्साराने नासलेल्या पृथ्वीवरून मंगळाकडे निघालेले हजारो निर्वासितांचे यान वाट चुकते आणि सूर्यमालेबाहेर भरकटत जाते. परत वळण्याचा मार्ग उरत नाही. यानावर ‘मिमा’ नावाचे यंत्र आहे, जे विश्वातल्या दूरच्या दृश्यांची प्रतिमा उतारूंना दाखवते, आणि तेच त्यांचे एकमेव सांत्वन असते. पृथ्वीवरचे एक शहर अणुस्फोटात नष्ट झाल्याचे दृश्य तिला दिसते आणि ती दुःखाने मोडून पडते.

आता हे यंत्र म्हणजे ‘कलेचे प्रतीक’ असे म्हणून टाकणे सोपे आहे, आणि सामान्य काव्यसमीक्षा तसेच करते. ते वाचन चूक नाही, अपुरे आहे. मृण्मयी यांनी सांगितलेल्या सवयीने वाचले, तर मिमा आधी एक यंत्र आहे : तिची देखभाल करणारा माणूस या काव्याचा निवेदक आहे, तिला स्वतःची घडण काही अंशी स्वतःच वाढवता येते, आणि ती बंद पडल्यावर तिच्या दुरुस्तीचे तांत्रिक अपयश हा कथानकाचा भाग आहे. प्रतीकाला दुरुस्त करणारा कारागीर लागत नाही. मिमा यंत्र म्हणून खरी आहे, म्हणूनच तिचे मरण प्रतीकाहून जड होते. शिक्का काढून टाकला की वाचनातला हा थर जातो. ‘प्रकाराच्या नावाशिवाय उभे राहते’ हे खरे, पण मग ते एका पायावर उभे राहते.

अनुवादाचा भाग अजून आलेला नाही, आणि त्याशिवाय ‘निरनिराळ्या भाषा’ ही चर्चा पोकळ राहील. लेमची ‘सोलारिस’ १९६१ ची. तिचा इंग्रजी अनुवाद १९७० मध्ये आला तो पोलिशवरून नव्हे, फ्रेंच अनुवादावरून. थेट पोलिशवरून केलेला इंग्रजी अनुवाद यायला २०११ साल उजाडले. इंग्रजी विभागांनी चाळीस वर्षे या कादंबरीच्या शैलीविषयी जे काही लिहिले, ते एका अनुवादाच्या अनुवादाविषयी होते. ललित कादंबरीच्या बाबतीत हे इतकी वर्षे खपवून घेतले गेले असते का, याची मला शंका आहे. ‘कल्पनेचे साहित्य आहे, कल्पना पोचली म्हणजे झाले’ अशी त्यामागची समजूत असणार.

शांभवी

अगदी बरोबर. आणि अरबीचे उदाहरण याला जोडता येईल. इयन कॅम्पबेल यांनी अरबी विज्ञानकथेवरच्या २०१८ च्या पुस्तकात ‘दुहेरी अपरिचितीकरणा’ची कल्पना मांडली : कथा एकीकडे आपल्या समाजाकडे परक्या नजरेने पाहायला लावते, आणि दुसरीकडे तंत्रज्ञानात तो समाज का मागे पडला, याचाही हिशेब विचारते. सुविन यांच्या सिद्धान्तात ही दुसरी बाजू नव्हती. ती मूळ अरबी संहिता वाचणाऱ्याला दिसली. चिनी, बंगाली, मराठी या भाषांतही ती सापडेल असे मला वाटते, पण त्यासाठी त्या भाषांच्या विभागांतच हे वाचन व्हावे लागेल. इंग्रजी विभागात अनुवादावरून ते होणार नाही.

अक्षांश

इथे एक व्यावहारिक अडचण आहे. अशा तौलनिक प्रबंधाचे परीक्षक कोण? भाषाविभागातल्या परीक्षकाला प्रकाराची परंपरा ठाऊक नसते, आणि प्रकार जाणणारा परीक्षक सहसा इंग्रजी विभागात असतो, त्याला मूळ भाषा येत नाही. ‘सावलीचे झाड’ यांच्या समितीने शीर्षक बदलायला लावले, त्यामागे बहुधा हेच असेल. आपल्याला तपासता येईल अशा शब्दांत त्यांनी विषय आणून बसवला. दोन परीक्षक, एक भाषेचा आणि एक प्रकाराचा, अशी सोय विद्यापीठाच्या नियमांत आंतरविद्याशाखीय प्रबंधांसाठी असेल, तर ती लेखी मागून घ्यावी. शीर्षकात बदल करायचा अर्जही त्याच वेळी देता येईल.

सावलीचे झाड

नियमावली पाहिली. दुसऱ्या शाखेतला सहमार्गदर्शक घेता येतो, परीक्षकांविषयी तसे स्पष्ट लिहिलेले नाही. उपशीर्षकात ‘विज्ञानकथा’ हा शब्द घालण्यासाठी अर्ज देते आहे.